ताई, मी काहून औषध घेऊ?

आता हे तुमाले सांगू का नको, राजेहो? सांगतोच. माझ्यासारखा बैताड पूर्ण नागपुरात सापडणार नाई!

लग्नाले चार वर्षं झाली, पाळणा काही हलला नाई. प्रताप नगरातल्या डॉक्टर मॅडमनं आमच्या दोघांच्याही तपासण्या लिहून दिल्या. क्लॅमिडिया नावाचा एक जंतू असते म्हणे. नवरा-बायकोत एकाचा दुसऱ्याले लागते, दुखत नाई, खुपत नाई, अन् आतल्या आत बाईच्या नळ्या बंद करून टाकते. आपला नमुना लॅबमधे ठेवतात अन् जंतू वाढते का ते पाहतात. त्याले म्हणतात कल्चर.

लॅबमधली ताई फॉर्म भरून राहिली होती.

"एवढ्यात काही औषध घेतलं का?"

मी ताडकन उभा! "औषध? मी काहून औषध घेऊ? इतवारीत भांड्याचं दुकान आहे माझं! घरी चांगली बायको आहे!"

मी पडलो पारशिवनीकडचा. आमच्या गावात 'औषध घेतलं' म्हणजे जीव द्यायले फवारणीचं घेतलं! नुसतं ऐकलं तरी लोकं दवाखान्यात न्यायले गाडी काढतात. ताई बिचारी घाबरली अन् तिनं 'नाही'वर खूण केली.

अन् मागच्याच आठवड्यात खोकल्यासाठी मेडिकलमधून तीन दिवसाच्या गोळ्या आणून मी खाल्ल्या होत्या. पण त्या तर गोळ्या! त्याले औषध कोण म्हणते?

रिपोर्ट आले. माझी बायको सुषमा, तिच्यात जंतू सापडला. माझ्यात नाई.

तुमीच सांगा, माणसानं काय समजावं? डोक्यात भुंगा लागला. त्यात सुषमानं त्याच दिवसापासून आपलं अंथरूण वेगळं टाकलं, टॉवेल वेगळा केला. झालं! मले वाटलं, हिच्या मनात खोट आहे, म्हणून तोंड लपवून राहिली. आठ दिवस मी दुकानात डबा नेला तसाच वापस आणायचो.

आठव्या दिवशी ती पोळ्या करून राहिली होती. मी म्हटलं, "कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्यापासून तुले लागलं तो!"

तव्यावरची पोळी जळली. तिनं गॅस बंद केला. रडली नाई, भांडली नाई. सकाळी तिची बॅग दारात होती.

"रिपोर्ट मॅडमले दाखवू," ती म्हणे, "मंग मी माहेरी जाते."

मॅडमच्या केबिनमधे मले ठसका लागला.

"खोकला आहे का? काय घेतलं त्यावर?"

"काही नाई मॅडम. मेडिकलच्या तीन गोळ्या."

"कधी?"

"लॅबच्या आधी."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "अहो, खोकल्यावर तीनच गोळ्या, म्हणजे ती अँटिबायोटिक असणार! हा जंतू जिवंत असला तरच लॅबमध्ये वाढतो. गोळ्यांनी तो मेला तरी असेल, नाहीतर अर्धमेला झाला असेल. तुमच्या रिपोर्टवरून काहीच सिद्ध होत नाही. फॉर्म भरताना सांगायचं नाही?"

"लॅबवाल्या ताईनं तर औषध विचारलं होतं, मॅडम."

सुषमा माझ्याकडं पाहून राहिली होती.

"अन् कोणापासून कोणाले लागलं?" मी हळूच विचारलं.

"ते कोणतीच तपासणी सांगत नाही. लग्नाच्या आधीपासूनही असू शकतो. दोघांनीही उपचार घ्या."

लग्नाच्या आधीपासून म्हटल्यावर मी फरशी पाहू लागलो. कॉलेजातली माझी लफडी आठवली.

बाहेर आलो. म्हटलं, "सुषमे, चुकलो वं. लय चुकलो. पण मंग तू आठ दिवस वेगळी काहून निजली?"

"तुमचा रिपोर्ट साफ होता ना?" ती म्हणे. "मले वाटलं, माझं तुमाले लागन."

राजेहो, लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बॅग मधात ठेवून ती स्कूटरवर मागं बसली. घरी का बस स्टँडवर, हे विचारायची माझी हिंमत होईना. मी किक मारली. पुन्हा मारली. घामाघूम झालो, गाडी काही सुरू होईना.

शेवटी तीच म्हणे, "अहो, चावी तर लावा. घरी जायचं नाई काय?"