ठेवा, मी लावते

वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात तिला सगळे खात्रीताई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. फोनवरून आलेला आदेश ती एका झटक्यात कधीच मानत नसे. "ठेवा, मी लावते," म्हणायची, नोंदलेल्या नंबरावर स्वतः फोन लावायची, त्या दिवसाचा परवलीचा शब्द विचारायची आणि मगच बटणाला हात लावायची. लाइन तशी सुरक्षित होती. मध्येच कोणी कान लावला असता तर त्याला नुसती खरखर ऐकू आली असती. पण पलीकडे बोलणारा खरा की तोतया, हे काही यंत्र सांगत नाही. आणि तोतयाच्या एका शब्दावर अर्धं शहर अंधारात जाऊ शकतं.

घरीही तोच खाक्या. भावाचा फोन आला तरी ठेवून परत लावायची.

"ताई, मी भाऊ आहे तुझा, शत्रू नाही."

"शत्रूही हेच म्हणेल."

अशा मुलीचं लग्न कसं जमायचं, या काळजीनं आई अर्धी झाली होती. खात्रीताईचा जीव मात्र पलीकडच्या उपकेंद्रातल्या इंजिनियरच्या आवाजात केव्हाच अडकला होता. तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं; गुपित राखणं हा तर तिचा पेशाच.

एका दुपारी त्याचा फोन आला. आकडे सांगून झाल्यावर त्यानं घसा खाकरला आणि माझ्याशी लग्न कराल का, असं विचारून टाकलं. तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ठेवा, मी लावते."

ती परत लावेपर्यंत गड्याचं अवसान गळालं. मघाशी मी फोन केलाच नाही, म्हणाला. म्हणजे नियमाप्रमाणे फोन बनावट. तिनं इमानदारीत वर कळवलं आणि डबा न उघडताच घरी परत नेला.

दुसऱ्या दिवशी सुरक्षा पथक इंजिनियरच्या दारात. त्याच्या आवाजात लग्नाची मागणी घालणारा तोतया शोधायला त्यांनी सगळ्या तारा उपसल्या. शेवटी तोतया आपणच, हे त्याला कबूल करावं लागलं. पथकासमोरच त्यानं तिला फोन केला.

"ठेवा, मी लावते."

या वेळी पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला, न विचारताच परवलीचा शब्द सांगितला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"हो," ती म्हणाली. "पण हे मीच बोलले कशावरून? तुम्ही ठेवा, आणि लावा."

त्यानं लावला. उत्तर तेच निघालं.

मग तिनं घरी आईला फोन करून सगळं सांगितलं.

"ठेव," आई म्हणाली. "मी लावते."