कोण म्हणलं, कुठं म्हणलं?

आमचे ग्रीकसर भांडायचे ते मेलेल्या माणसांच्या बाजूनं. एखाद्या प्राचीन ग्रीकाच्या नावावर कोणी भलतंच वाक्य खपवलं, की सरांचे कान लाल व्हायचे. "कोण म्हणलं? कुठं म्हणलं? पान दाखव!" चिखलीत माझं टॅटूचं दुकान, आणि खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक असं पळवून लावणारा हा म्हातारा माझ्याच दुकानात रोज फुकटचा चहा प्यायचा. सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या चहाची आठवण आली की अजून भरून येतं.

सर तरुणपणी पाद्री व्हायला गेले होते. तिथं जुनी ग्रीक भाषा शिकले. पाद्री काही झाले नाहीत, चिखलीच्या शाळेत मास्तरकी करण्यात जन्म गेला. पुढं ती विद्या माझ्या कामी आली. जिममधल्या पोरांना दंडावर ग्रीक अक्षरं हवी असायची. कोणाला वाचता येत नाहीत, म्हणूनच भारी! मोबाइलवर दाढीवाल्या पुतळ्याचा फोटो, त्याखाली मराठी सुविचार आणि कुण्या तत्त्वज्ञाचं नाव. पण मूळ पुस्तकात सापडल्याशिवाय सर ते ग्रीकमध्ये करून द्यायचे नाहीत. म्हणायचे, "कागदावर खोटं चालून जाते एखाद्या वेळी, राजा. कातडीवर नाही." मी चिडायचो, पण ऐकायचो.

बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली त्या हिवाळ्यात, एका दुपारी उंद्रीचा विलास आला. बियाण्याच्या दुकानात माल विकायच्या नोकरीवर होता. "याले अळी लागत नाही, माझा शब्द," असं सांगून त्यानं सख्ख्या काकासकट अर्ध्या गावाला एकच बियाणं दिलं होतं. आता उंद्रीत लोक उभी कपाशी उपटत होते. त्यानं मोबाइल पुढं केला. पुतळ्याखाली लिहिलं होतं, 'ज्याचा शब्द खोटा ठरला, त्यानं जगू नये.'

"हे ग्रीकमध्ये करा. छातीवर. अन् आजच. मले जायचं आहे."

"कुठं जायचं बे?" मी विचारलं. त्यानं शर्टाची बटणं सोडायला घेतली. कुठं जायचं ते मला कळलं.

बाकावर चहा पीत बसलेले सर या वेळी ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "कोण म्हणलं हे?"

"नाव आहे न सर खाली."

"नाव तर मीही लिहीन. पान पाहिजे. चाल माझ्या घरी, पुस्तकं आहेत. सापडलं की मीच करून देतो."

चार दिवस विलास सरांच्या पडवीत बसून होता. "गावात कळवलं तर आत्ताच उठून जाईन," असं त्यानं बजावलं होतं, त्यामुळं आमचे हात बांधलेले. सर वाचायचे, मराठीत सांगायचे, तो मान खाली घालून ऐकायचा. तो मोरीकडं गेला तरी सर उठून उभे राहायचे. मी दिवसातून तीनदा चक्कर मारायचो आणि आधी दारात त्याच्या चपला आहेत का ते बघायचो.

चौथ्या दुपारी सरांनी शेवटचं पुस्तक मिटलं. "ज्याचं नाव खाली आहे, त्यानं म्हणलंच नाही हे. कोण्याच ग्रीकानं म्हणलं नाही. कोण्या रिकामटेकड्यानं बनवलं, अन् तू त्याच्यापायी जीव देऊन राह्यला?"

जीव द्यायची गोष्ट तोंडावर म्हटली गेली ती पहिल्यांदाच. विलास ढसाढसा रडला. "मंग मी काय करू, सर?"

"काकाले भेट. मी येतो संगं."

आम्ही तिघं जीपनं उंद्रीला गेलो. काका शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होता. विलासचे पाय बांधावरच थबकले. काका तरातरा आला, त्याची कॉलर धरली. "चार दिवस कुठं होता बे? तीन विहिरी पाह्यल्या आम्ही!" आणि कॉलर न सोडताच त्याला छातीशी धरून रडायला लागला.

परतताना जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "सर, बरं झालं ते वाक्य खोटं निघालं."

सर म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं. म्हणणारा ग्रीक दुसरा होता, पण वाक्य जवळपास तेच. मी पान उलटलं, अन् त्याले भलतंच वाचून दाखवलं."

"तुम्ही? खोटं?"

"तो ग्रीक कधीचाच मेला, राजा. याले घरी जायचं होतं."