हीरा नाईची शेवटची पायरी

"आठ दिवस, पंत! नारू कुठून येतो ते शोधा, नाहीतर बावडी बुजवतो," संस्थानचे मोठे डॉक्टर म्हणाले आणि टांगा धारकडे पिटाळला.

जर्मन लढाईच्या आधीची गोष्ट. मी नवा सॅनिटरी इन्स्पेक्टर. गाव नालछ्याच्या पुढचं. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि उन्हाळ्यात पाणी म्हणाल तर तेवढंच. ती बुजली की गाव उठलंच.

नारू म्हणजे सुतासारखा किडा. पाण्यावाटे पोटात जातो, वर्षभरानं पायाला फोड आणून डोकं बाहेर काढतो. तिथले नारू तर असे लांब, की टोक काडीला गुंडाळलेलं आणि शेपूट अजून मांडूच्या डोंगरात! अर्धं गाव लंगडत होतं.

पाच दिवस मला एका जागी बसवेना. मायक्रोस्कोप बैलगाडीत घालून दारोदार हिंडलो. घास उतरेना, अंगरख्यात दुसरा माणूस मावेल इतका वाळलो. पाण्यात पिसवांसारखे बारीक जीव दिसले, त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. पण ती बावडीत सोडतं कोण?

सहाव्या दिवशी म्हटलं, नारू काढणाऱ्यालाच विचारू. तो हीरा नाई, म्हणजे गावचा न्हावी. किडा तुटू न देता रोज बोटभर काडीवर गुंडाळायचा; पाच गावांत तसा हात नव्हता. घरी नव्हता. सापडला बावडीत, शेवटच्या पायरीवर! तीन रोगी ओळीनं बसवलेले, तिघांचे पाय पाण्यात, आणि हातभर अंतरावर पटेलाची सून घागर बुडवतेय.

"हीरा, हे काय रे?"

"पंतजी, ठंडो पाणी लागे तो नारू आपेआप मूंडो काढे. म्हारा बाप भी यांज बिठाता था."

खरंच होतं ते. गार पाणी लागलं की नारू तोंड काढतो. आणि पिल्लं ओकतो, हजारोंनी.

"ऊठ! गावाला नारू तूच पाजतोयस!"

"म्हूं? सारो मालवो म्हारे पग पड़े!" काडी टाकून हीरा चालता झाला. आली पंचाईत. हा रुसला तर रोगी आपणहून पाय बुडवणार.

मागे धावलो, हात जोडले, ओढतच मायक्रोस्कोपपाशी आणला. नारूच्या तोंडचा थेंब काचेवर ठेवला. हीरा बराच वेळ डोळा लावून बसला.

"भिया, ये सब घड़ा में जावे?"

"जातं."

"म्हारी छोरी का पग से परसाल दो काढ्या म्हने," हीरा म्हणाला.

सातव्या दिवशी हीराची बैठक वर माळावर हलली. परातीत गार पाणी, त्यात रोग्याचा पाय. नंतर ते पाणी तापल्या खडकावर. लुगड्याच्या दुहेरी पदरातून गाळल्याशिवाय घागर उचलायची नाही, असा दम बायकांना त्यानंच भरला. माझं कुत्रंही ऐकत नव्हतं.

आठव्या दिवशी डॉक्टर गवंडी घेऊन हजर. परात पाहिली, थेंब पाहिला.

"पुरावा?"

"वर्षानं, साहेब. नारूला घाई नसते."

"तुम्हाला दिसते."

"मला फार!"

डॉक्टर हसले नाहीत. पण गवंडी परत नेले.

पुढच्या उन्हाळ्यात मी महिनाभर आधीच जाऊन बसलो आणि रोज सगळ्या गावाचे पाय तपासले. नवऱ्यांनी बायकांचे पाहिले नसतील इतके! दोन म्हाताऱ्यांना निघाला. बाकी गाव पेरणीला धावत गेलं. बावडी राहिली.

तेव्हापासून कुठंही साथ शोधायला गेलो, की रोगी पाहण्याआधी विचारतो: इथं बरं करणारा कोण, आणि तो बसतो कुठं?