भर दुपारचं शेंडेनक्षत्र

गच्चीवर टाकीच्या सावलीत दुर्बीण लावली, सूर्य टाकीआड ठेवला आणि भर दुपारी धूमकेतूचा फोटो मिळाला. निळ्या आभाळावर पांढरा फराटा! हरखून खालच्या घरातल्या सुनेला हाक मारली. तिच्या सासूबाईंनी खिडकीच लावून घेतली. "दिवस आहेत तिला. शेंडेनक्षत्र बघायचं नसतं!"

अहो, सकाळी त्याच पोटुशीला धुण्याची बादली घेऊन गच्चीवर पाठवलंत, तेव्हा कुठे होती ही काळजी? बर्फाचा तो गोळा सूर्याला वळसा घालून निघाला, आणि हिला खिडकीपर्यंत यायचीही मुभा नाही!

संतापातच तिला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "काकू, वाळलेले कपडे काढायला मलाच पाठवतील. तोवर तो दिसेल ना?"