दहा मिनिटांचा तक्ता

मुलगी आठवीत होती. चारेक महिन्यांत तिने आधी कबड्डी सोडली, मग मैत्रिणी सोडल्या, मग केस विंचरणंही सोडलं. विचारलं की "बरी आहे" म्हणायची. त्या काळात मी तिला काय काय बोललो, ते आधी लिहायला हवं. "मोबाईल जास्त झालाय." "तुझ्या वयाचा असताना मी बेडसे गावाहून चालत शाळेला जायचो." "काय कमी आहे तुला?" एकदा तिने तीन दिवस अंघोळ केली नाही, तेव्हा मी ओरडलो होतो, "लाज वाटत नाही का?"

शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं, तेव्हा कुठे आम्ही हललो. डॉक्टरांनी नैराश्य असल्याचं सांगितलं. गोळ्यांच्या आधी समुपदेशनाच्या आठ बैठका करून पाहू, पण आईवडील दोघांनीही यायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

समुपदेशन करणारे आमच्या तळेगावातही होते. मी मुद्दाम लोणावळ्याच्या मॅडम निवडल्या, आमच्या सोसायटीतलं कुणी तिथे भेटणार नाही म्हणून. शनिवारी गाडी काढली की खालच्या मजल्यावरचे काका म्हणायचे, "पुन्हा लोणावळा? चैन आहे बुवा तुमची!" मी हसायचो आणि परत येताना त्यांच्यासाठी चिक्की आणायचो. मुलगी हे सगळं मागच्या सीटवरून बघत असायची.

पहिल्याच बैठकीत मॅडम म्हणाल्या, "तिला दुरुस्त करायला घेऊ नका. रोज दोघांनी आळीपाळीने दहा-दहा मिनिटं तिच्याजवळ बसा. सल्ला नको, चौकशी नको. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तरी बसा." त्यांनी एक तक्ता दिला. रोज बसून झालं की त्यात एक ओळ लिहायची होती.

मी उर्शाजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे दर तासाला माप घेऊन चेकशीटवर लिहायचं असतं. काम अंगावर आलं की ते शीट कसं भरलं जातं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. शिफ्ट संपताना एका बैठकीत, आकडे थोडे मागेपुढे करून. नव्या पोरांना मी त्यावरून झापलं आहे. उमेदवारीत मी स्वतःही तेच केलं होतं.

पहिल्या आठवड्यात मी दोनच दिवस बसलो. दोन्ही वेळा पाचव्या मिनिटाला व्यायामाचं महत्त्व सांगायला लागलो. नंतर बसलोच नाही. सेकंड शिफ्ट, थकवा, अशी कारणं होती. खरं म्हणजे मला तिच्या गप्प बसण्याची भीती वाटायची.

दुसऱ्या शनिवारी लोणावळ्याच्या वाटेवर कामशेतला बायको औषधाच्या दुकानात उतरली. मी तक्ता स्टिअरिंगवर ठेवला आणि भरायला घेतला. सोमवारी 'शाळेबद्दल बोलली'. मंगळवारी 'शांत होती'. मध्येच पेनही बदललं.

"बाबा," मागून आवाज आला, "बुधवार रिकामा ठेवा. सगळंच भरलं तर खोटं वाटेल."

मी हसलो. "हुशार आहेस," असंही म्हणालो. आणि बुधवार रिकामा ठेवला.

बैठकीत मॅडमनी तिला विचारलं, "बाबा बसतात का गं?"

"हो."

"मग कसं वाटतं?"

"बरं वाटतं."

ते ती अगदी सहज म्हणाली. चार महिने ती आम्हाला ह्याच आवाजात "बरी आहे" सांगत होती आणि आम्ही ते खरं मानत होतो. खोटं खरं कसं भासवायचं, हे तेरा वर्षांच्या पोरीला नेमकं कळत होतं. एक चौकोन रिकामा ठेवायचा, एखादा दिवस हसायचं.

तरी त्या दिवशी मी बोललो नाही. सबंध आठवडा गेला. तिसऱ्या बैठकीत मॅडमनी तक्ता मागितला, तेव्हा मी सांगून टाकलं.

बायको माझ्याकडे वळली. "अहो, मी तिच्याजवळ बसायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, माझं झालंय मगाशीच!"

मॅडमनी मुलीला विचारलं, "मग तू हो का म्हणालीस?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि तुला वाईट वाटतं तेव्हा?"

ती चपलेने फरशी घासत म्हणाली, "सांगून काय? आई रडते. बाबा उपाय सांगतात. मग मलाच दोघांना समजवावं लागतं. त्यापेक्षा बरी आहे म्हटलेलं सोपं." आणि मग ती रडायला लागली, इतके महिने आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती ती. मी पाण्याची बाटली पुढे करायला उठलो. मॅडमनी हातानेच मला खाली बसवलं. मी बसून राहिलो. आयुष्यात काहीच न करणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

ठरलेल्या आठ बैठकांच्या पुढे आणखी अकरा झाल्या. ती ठणठणीत झाली, असं मी लिहिणार नाही. शाळेत जाते, काही दिवस जात नाही. पण त्या तिसऱ्या बैठकीच्या संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेलो, ते मला लिहायचं आहे.

"आज नाही बोलायचं मला," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"बरं."

"राग आला?"

'छे गं' अगदी ओठावर होतं. "थोडा आला," मी म्हणालो. "त्यापेक्षा भीती जास्त वाटते. पण ते माझं मी बघतो. तू मला समजवायचं नाहीस."

ती वळली. मी खरं बोलतोय का, हे बघत असावी. बराच वेळ बघितलं तिने.

"मग बसा," म्हणाली. "पण नीट बसा हो, इन्स्पेक्शनला आल्यासारखे नको."