मस्कतची ओटी

आम्ही मस्कतला फिरायला गेलो होतो. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं. घरातले बाकीचे कशासाठी निघालेत हे त्यांचं त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मी येडी मुलुंडच्या बाजारात नव्या बॅगेला कुलूप शोधत फिरत होते.

धाकटा दीर तिकडे नोकरीला. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत गल्फमध्ये आपलं माणूस असणं म्हणजे बिल्डिंगमध्ये केवढा तोरा! त्यानेच तिकिटं पाठवली. सासूबाई, नवरा, मी आणि आमची धाकटी, तेव्हा तीन वर्षांची. थोरलीला शाळा बुडायला नको म्हणून वाकोल्याला माझ्या आईकडे ठेवायचं ठरलं. मी म्हटलं, "अहो, पहिलीत आहे ती. थोडे दिवस शाळा बुडली तर काय कलेक्टर व्हायची राहणार आहे?" नवरा म्हणाला, "राहू दे गं तिला. धाकटी पुरे." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट थोरलीचा हट्ट कसा मोडायचा याचीच मला चिंता.

मस्कतला बाहेर नुसते बोडके डोंगर आणि भट्टीसारखं ऊन, घरात मात्र एसीचा गारठा. जावेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. डॉक्टर झाले, देव झाले, नवस झाले. धाकटीसाठी तिने एक आख्खी खोली सजवून ठेवली होती. तीनचाकी सायकल काय, बाहुल्या काय, छताला टांगलेले कागदी पोपट काय! मी म्हटलं, "किती गं लाड करशील?" तर तिने माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?"

मला वाटलं, आम्ही आलो म्हणून म्हणतेय. मी आपली नेहमीची बोलून गेले, "उपकार कसले? ती काय माझ्या एकटीची आहे? तुझीच आहे." आपण बोलतोच ना असं! पाहुण्यांनी साडीचं कौतुक केलं तरी म्हणतो, घ्या, तुमचीच आहे. म्हणून कुणी अंगावरची सोडून नेतं का?

शुक्रवारी दिराला सुट्टी. तिकडची ओळखीची मराठी मंडळी जेवायला बोलावली होती. सकाळपासून पुरण शिजत होतं. जेवणाआधी सासूबाईंनी जावेला पाटावर बसवलं आणि मला हाक मारली. "पोराक नारळासकट हिच्या ओटीत घाल गो. आणि म्हण, तुझ्या ओटीत घातली."

आमच्याकडे मूल होत नसलेल्या बाईच्या मांडीवर दुसरीचं लेकरू बसवतात, तिचीही कूस उजवावी म्हणून. लग्नात नाही का नवरीच्या मांडीवर बाळ देत? तसंच हे, असं मी धरून चालले. ओटीत घालणं म्हणजे दत्तक देणं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आईला न विचारता कुणी तिची पोर देईल, हे कुठल्या शहाण्या बाईच्या मनात येईल? मी धाकटीला उचललं, नारळ दिला, आणि अगदी मनापासून, देवा हिची कूस उजव असं म्हणत, जावेच्या ओटीत बसवलं. शब्दही म्हटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाऊ ढसाढसा रडली. दीर माझ्या पाया पडला. नवऱ्याने फोटो काढला.

दोन दिवसांनी मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर जाऊ धाकटीला दहीभात भरवत होती. "आई कोण?" तिने विचारलं. धाकटीने जावेच्याच गालाला बोट लावलं. "आणि ती कोण?" पोरीने माझ्याकडे बोट केलं. "काकू!"

मी हसले. खेळ चाललाय असंच वाटलं हो मला! तेवढ्यात जाऊ म्हणाली, "वहिनी, काकूच शिकवू, की मोठी आई म्हणू दे? तुम्ही म्हणाल तसं करू."

तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप तिथेच आपटले आणि हॉलमध्ये गेले. नवरा टीव्ही बघत होता.

"काय ठरवलंत तुम्ही माझ्या पोरीचं?"

"आवाज खाली कर. चार माणसांसमोर ओटीत घातलीस, आता काय नाटक?"

"शकुन म्हणून घातली मी! मला कुणी सांगितलं होतं?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" तो म्हणाला. अगदी शांतपणे. "दुसरीही मुलगीच झाली आपल्याला. इथे राणीसारखी वाढेल."

सासूबाई म्हणाल्या, "घरातला पोर घरातच रवला. तुजा काय गेला?"

"केसाने गळा कापलात माझा," मी ओरडले. "आणि वर त्याला हळदीकुंकू लावलंत!"

जाऊ दारात उभी होती. "म्हणजे वहिनींना माहीतच नव्हतं?" तिने दिराकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. त्यांनी तोंड फिरवलं. ती खोलीत गेली, धाकटीच्या चपला घेऊन आली आणि खाली बसून तिच्या पायांत घालू लागली. डावी-उजवी उलटी झाली तेही तिला कळलं नाही. मग तिने पोरीला उचलून माझ्याकडे दिलं. "न्या हो वहिनी. मलाही खोटंच सांगितलं यांनी." तिच्यावर मला कधीच रागावता आलं नाही. मुलुंडला मात्र ती पुन्हा आली नाही.

विमानात मी नवऱ्याशेजारी बसले नाही. सहार विमानतळावर उतरल्यावर तो सासूबाईंना घेऊन मुलुंडच्या टॅक्सीत बसला. मी दुसरी टॅक्सी केली आणि धाकटीला घेऊन थेट वाकोल्याला गेले. थोरलीला आणायचंच होतं. पण खरं सांगते, मला एकाच माणसाच्या गळ्यात पडून रडायचं होतं.

आईने दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कडेवर.

"अगं बाई! हिला परत आणलीस?"

थोरली धावत आली, धाकटीला ओढून आत घेऊन गेली. मी उंबऱ्यातच उभी.

"तुला माहीत होतं?"

"जावई येऊन विचारून गेले होते. मी म्हटलं, पोरीचं कल्याण होत असेल तर मी कशाला आडवी येऊ?"

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

आईने पदराने हात पुसले.

"आई, मला असं कुणी मागितलं असतं, तर दिली असतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखी.

"दिलीच की," ती म्हणाली. "अठराची होतीस. सासरच्यांनी मागितली, आम्ही दिली. तुला कुठे विचारलं होतं?"