मेझुझा चौकटीच्या आत की बाहेर: मिसिसागा ते ब्रॉसार्ड, चार दिवस

शुक्रवारी निघू नका. मॉन्ट्रियलकडे गाडीने जायचा बेत असेल तर माझा पहिला आणि शेवटचा सल्ला हाच. गुरुवारी निघा, शनिवारी निघा, पण शुक्रवारी, तेही सूर्यास्ताच्या आत पोचायलाच हवं असलेल्या माणसाला शेजारी बसवून, मुळीच निघू नका.

ते माणूस म्हणजे सिमामावशी. मिसिसागात आमच्या मजल्यावर, माझ्या अगदी समोरच्या कॉन्डोत एकट्या राहतात. वय शहात्तर, माहेर अलिबागजवळचं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांच्या मुलाने, डॅनीने, मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडे ब्रॉसार्डला घर घेतलं होतं. नव्या घराच्या दाराला मेझुझा लावायची आणि मग मलिदा, म्हणजे पोहे-गुळाचं आभाराचं ताट, करायचा, असा त्यांचा बेत. मेझुझा म्हणजे बोटाएवढी नळी. तिच्या आत चर्मपत्राची गुंडाळी, त्यावर तोरामधल्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या ओळी. देवाशी झालेला करार घराच्या चौकटीवर लावून ठेवायचा, आत येताना नि बाहेर पडताना त्या नळीला हात लावायचा. मावशींना विमान नको, ट्रेन नको. "तू सुट्टी घे, पेट्रोल मी भरते," म्हणाल्या. मी हो म्हटलं, कारण मला नाही म्हणता येत नाही. माझ्या चाळिशीतल्या बऱ्याच प्रवासांचं कारण हेच आहे.

सहाला निघणार होतो. सव्वासात झाले, कारण मावशींना ग्रोसरीत मिळालेले नारळ पसंत नव्हते आणि मी माझ्याकडचे दोन काढून दिले. नारळ, पोहे, गूळ, सुका मेवा, पाच फळं असं सगळं मी हाताशी आलेल्या एका जाड कापडी पिशवीत भरलं.

४०१ नंबरच्या हायवेवर किंग्स्टनच्या अलीकडे रस्त्याचं काम. तीन लेनची एक लेन, आणि काम करताना एकही माणूस दिसत नाही. पन्नास मिनिटं आम्ही एका घोड्यांच्या ट्रेलरमागे होतो. वेळ घालवायला मी बोलत राहिले आणि नेहमीप्रमाणे जास्त बोलले.

"आपल्याकडे कोकणात मात्र तुम्हा ज्यू लोकांना कधी कुणी त्रास दिला नाही, मावशी. मला फार अभिमान वाटतो त्याचा."

"बरं आहे की. पण त्यात तू काय केलंस गो?"

ट्रेलरमधला घोडा माझ्याकडे बघत होता.

मॉन्ट्रियल शहरात शिरू नका, ३० नंबरचा रस्ता धरा. पुलाला थोडा टोल आहे, पण तो वाचवायला जाल तर तास जातो. आम्ही सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी पोचलो. साडेपाचशे किलोमीटरला जवळजवळ दहा तास लागले. मावशींना उतरवायला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून पिशवी मी पायरीवर ठेवली आणि बेल वाजवली.

दार डॅनीच्या मुलीने उघडलं. तालिया, वय सतरा. ती हसली, आजीकडे झेपावणार तेवढ्यात तिची नजर खाली गेली आणि ती जागच्या जागी थांबली.

पिशवी दिवाळीची होती. इंडियन ग्रोसरीत फुकट मिळालेली. लाल कापडावर 'शुभ दीपावली', आणि मधोमध ठसठशीत सोनेरी स्वस्तिक. तालियाने पायाने पिशवी फिरवली. मागेही तेच.

गॅरेजचं दार मला तेव्हाच दिसलं. खालच्या भागावर ताज्या पांढऱ्या रंगाचा चौकोन होता, बाकीच्या पांढऱ्याशी न जुळणारा. काही न विचारता कळलं तिथे कुणीतरी काय रंगवलं होतं. शाळेला निघताना ते सगळ्यात आधी तालियानेच पाहिलं होतं, हे नंतर कळलं. मावशींनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं.

आता समंजस बाईने काय केलं असतं? पिशवी उचलली असती. मी भाषण सुरू केलं. की हे आमचं वेगळं आहे, हजारो वर्षं जुनं आहे, शुभ आहे, त्या लोकांनी ते चोरलं, त्यांचं तिरकं असतं. मी दमलेली होते आणि तरी वाक्यामागून वाक्य येत होतं.

"मेधा," मावशी म्हणाल्या, "नारळ काढ नि पिशवी गाडीत टाक. सूर्य जातोय."

तालिया नंतर स्वतःच माझ्याजवळ आली. तिला मराठी समजतं, बोलते इंग्रजीत. "आय नो, आंटी. माझ्या मैत्रिणीच्या घरी देवाजवळ असतं ते. डोक्याला कळतं. पोटाला कळत नाही." तिच्या पोटाला नाही कळलं ते ठीक आहे. मला छळत राहिलं ते हे की माझं भाषण तिला धीर देण्यासाठी नव्हतंच. मी चांगली आहे एवढंच मला सिद्ध करायचं होतं.

शनिवार शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होणारा विश्रांतीचा दिवस. या घरात गाडी काढायची नाही, चूल पेटवायची नाही, ड्रिल तर नाहीच. म्हणजे मेझुझा रविवारी. मी सकाळी एकटीच लाइट ट्रेनने नदीपलीकडे मॉन्ट्रियलला गेले. ट्रेन उत्तम, वीस मिनिटांच्या आत पोचवते आणि पुलावरून नदी पूर्ण दिसते, डावीकडे बसा. बेगल, म्हणजे कड्यासारखा पाव, गरम असतानाच खायचा, पिशवीत घालून घरी न्यायचा नाही. दुकानात मी इंग्रजीत मागितला, त्या बाईने फ्रेंचमध्ये दिला, दोघींचं भागलं. येताना एका सिनेगॉगवरून चालत आले. समोर सिमेंटचे ठोकळे, दारात पहारेकरी, एक पोलिसांची गाडी. आत जाणारं एक कुटुंब लहान मुलाचं दप्तर उघडून दाखवत होतं. प्रार्थनेला आलेल्या मुलाचं दप्तर. मी फोटो काढायला फोन वर केला आणि पहारेकऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की फोन खिशात गेला. त्याचं बरोबर होतं, याचाच मला राग आला.

दुपारी मावशी नि मी थर्मासमधला चहा पीत बसलो होतो. डॅनी मेझुझा बाहेर लावायला तयार नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. मग मी विचारलं ते विचारायला नको होतं.

"देवानं निवडलेले लोक म्हणता ना तुम्ही? मग पिढ्यान्‌पिढ्या हे का? काहीतरी मागचं असेल का... मागल्या जन्मांचं वगैरे?"

मला खरंच वाटत होतं की मी सांत्वन करतेय. आमच्या घरी कुणाचं काही वाईट झालं की हेच म्हणतात, आणि ऐकणारा मान डोलावतो.

मावशींनी कप खाली ठेवला. "म्हणजे ज्यांना मारलं, लहान लहान पोरांना, त्यांनी काहीतरी केलं होतं?"

"नाही, नाही, तसं नाही..."

"तसंच होतं त्याचं. सरळ बघ जरा." मग आवाज उतरला. "करार म्हणजे विमा नव्हे गो. हप्ते भरले की संकट टळतं, असं कुठे लिहिलंय? लग्नात देतात तसला शब्द आहे तो. दिला म्हणून पाळायचा. नवरा चांगला निघेल याची पावती नसते त्यात."

"मग या सोसण्याला अर्थ काय?"

"अर्थ असता तर ज्यांनी सोसलं नाही ते इतक्या हौसेनं शोधत बसले नसते."

रविवारी सकाळी नऊ वाजता डॅनी ड्रिल घेऊन दारात आला. मावशी आधीच बाहेरच्या पायरीवर उभ्या, उजव्या हाताच्या चौकटीला बोट लावून.

"मम्मी, आत लावू या. धोका असेल तर आत लावलेली चालते. मी रब्बींना विचारून घेतलंय."

"धोका कधी नव्हता? तेवढी वर्ष सांग, मी ऐकते."

"तू मिसिसागाला बसून बोलतेस."

"आणि तू दाराला घाबरतोस!"

"दाराला नाही घाबरत मी! तिथे," डॅनीने कोपऱ्यावर बोट दाखवलं, "तिथे ती रोज बससाठी उभी असते. एकटी. सगळ्यांना माहीत असतं ती कुठल्या दारातून आली ते."

वीस मिनिटं हे चाललं. दार उघडं, बाहेर दोन डिग्री, आतली सगळी ऊब रस्त्यावर. शेजारचे गृहस्थ पानं गोळा करता करता "बोंजूर" म्हणाले, तिघांनी हसून "बोंजूर" म्हटलं आणि पुन्हा सुरू. तालिया जिन्यावर बसून सगळं ऐकत होती. माझा संयम सुटला. परक्या घरात, परक्या धर्माच्या गोष्टीत मी ओरडले, "अहो, तिला विचारा ना कोणीतरी!"

तालिया उठली. "आत," ती म्हणाली. आणि मग, इंग्रजीत, "आणि मला त्याची लाज वाटायला लावू नका."

मावशींचा चेहरा मी विसरणार नाही. त्या भांडायला उभ्या होत्या आणि समोर भांडण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. शेवटी त्यांनी हातातली नळी नातीकडे दिली. "मग तूच लाव."

तालियाने आतल्या बाजूला भोकं पाडली. पहिलं वाकडं गेलं, डॅनीने तोंड उघडलं, आजीने डोळे वटारले. शेवटचा स्क्रू फिरायच्या आधी मावशींनी हिब्रूमध्ये आशीर्वाद म्हटला. आवाज खणखणीत होता.

मग मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, बदाम-बेदाणे, भोवती पाच फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन आभाराच्या प्रार्थना. हे ताट कुठल्याही कोकणी घरात ठेवलं असतं तर कुणाला वेगळं वाटलं नसतं, असं माझ्या मनात आलं. लगेच दुसरा विचार आला, की ते आपल्यासारखं दिसलं तरच मला जवळचं वाटतंय का? मी पोहे खाल्ले. चव छान होती, गूळ जरा जास्त.

सोमवारी निघताना मावशींनी सवयीने बाहेरच्या चौकटीला हात लावला. तिथे काही नव्हतं. त्या पुन्हा आत गेल्या, नळीला स्पर्श केला, बोटं ओठांना लावली आणि गाडीत येऊन बसल्या. तेवढ्या वेळात डॅनीने मला गाडीच्या मागे गाठलं.

"मेधाताई, एक काम कराल? मम्मीच्या तिकडच्या दारावरची मेझुझा पण काढून टाका. ती एकटी असते. कॉरिडॉरला रंग देणार आहेत असं सांगा. तुमचं ऐकेल."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

परतीचा रस्ता मोकळा होता. ऑन्टॅरिओत शिरल्यावर मावशी पहिल्यांदा बोलल्या. "मी चिडलेय."

"तालियावर?"

"छे! ह्याच्यावर." बोट गाडीच्या छताकडे. "आम्ही आमची बाजू लिहून दाराला ठोकतो. ह्याची बाजू कुठे ठोकलीय?"

"मग सोडून का देत नाही?"

"सोडलं तर भांडू कोणाशी?"

किंग्स्टनच्या थांब्यावर कॉफी घेताना मला राहवलं नाही. डॅनी काय म्हणाला ते सगळं सांगून टाकलं. मावशी आधी हसल्या. "स्क्रू जुने आहेत. तुझ्याच्यानं निघायचे नाहीत." मग कपाचं झाकण लावत, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला काय वाटतं? काढू?"

त्यांनी माझं मत असं खरोखर विचारलेलं मला आठवत नाही. चार दिवस मला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. आता एकही नव्हतं. "माहीत नाही, मावशी," मी म्हटलं.

"मग राहू दे."

मंगळवारी डॅनीचा फोन आला. "काढलीत?"

"नाही. त्यांना सांगितलं मी. त्यांना नाही काढायची."

"ताई! काही झालं तर?"

"मी आहे ना समोर."

त्याने थँक्यू म्हटलं आणि ठेवला. बोलून गेले ते किती सोपं होतं! मी खरंच दार उघडून बाहेर येईन का, की आतून कडी लावून पोलिसांना फोन करेन, हे मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी शब्द दिला आहे. याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून मजल्यावर लिफ्टचं दार वाजलं की मी हातातलं काम टाकून उठते आणि बघते. बहुतेक वेळा कुणाचं तरी जेवण आलेलं असतं. परत येऊन बसते. काम सुचत नाही, चिडचिड होते. पुन्हा लिफ्ट वाजते, पुन्हा उठते.